तांब्या की कुऱ्हाड

माझे यजमान पोलिसात फौजदार होते. एकोणीसशे तीसनंतरच्या त्या वर्षांत फौजदाराची बायको म्हणून नाशकात राहणं सोपं नव्हतं. भाजीवाली भाजी देई, पण हातात देत नसे, पिशवीत टाकी. हळदीकुंकवाचं बोलावणं येई, पण कुंकू लावणारीचे डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे गेलेले असत. मला त्या बायकांचा राग आला नाही. सत्याग्रहाच्या दिवसांत पोरांच्या पाठींवर उठलेले वळ मीही पाहिले होते, आणि ते कोणाच्या लाठ्यांचे होते हे मला कोणी सांगायला नको होतं. रागावलेल्या माणसाशी निदान बोलता येतं. ज्यांच्याशी बोलता येत नाही, ज्यांची मला आजही किळस येते, ते लोक निराळे. त्यांचीच ही हकिकत आहे.

आम्ही पंचवटीत एका वकिलांच्या घरात खाली भाड्याने राहत होतो. वकीलसाहेब वर राहत. गृहस्थ पन्नाशीचे, अंगाने सैल, आवाज मात्र खणखणीत. कोर्टात त्यांची फारशी चलती नव्हती, त्यामुळे उरलेला सगळा आवाज ते घरी वापरीत. रोज संध्याकाळी त्यांच्या दिवाणखान्यात चौघे-पाचजण जमत. त्यांत एक पेन्शनीत निघालेले मामलेदार होते आणि एक पेढीवाले होते. पान लावलं जाई, तक्के सरकवले जात, आणि मग जगातल्या झाडून सगळ्या माणसांनी काय करायला हवं होतं ते ठरवलं जाई. छत लाकडी होतं. खाली स्वयंपाक करताना मला शब्दन् शब्द ऐकू येई.

वैशाखातली गोष्ट. सकाळी ठाण्यावरून शिपाई धावत आला. सिन्नरच्या वाटेवरच्या एका गावात एका शेतकऱ्याने विहिरीवरच्या मोटेच्या पाळीवरून चुलतभावाच्या डोक्यात कुऱ्हाड घातली होती, आणि त्याला धरायला गेलेल्या हवालदाराच्या खांद्यावरही वार केला होता. आता तो घरात शिरून बसला होता आणि कुऱ्हाड त्याच्याजवळच होती. हे नुकतेच पानावर बसले होते. पहिला घास हातात होता तो ताटात ठेवला, हात धुतला आणि निघाले. वाटेत त्यांना तो हवालदार बैलगाडीतून येताना दिसला. गाडीतल्या पेंढ्याला रक्त लागलं होतं आणि हवालदार शुद्धीवर नव्हता.

पुढचं मला ह्यांनी त्या दिवशी संध्याकाळी सांगितलं. एकदाच. त्यांनी जसं सांगितलं तसंच मी सांगते.

हे तिथे पोचले तेव्हा दुपार भरात आली होती. मातीचं घर, बुटकं दार, समोर सारवलेलं अंगण. अंगणावर ऊन असं पडलं होतं की डोळे उघडे ठेवता येईनात, आणि दारातून आत नुसता काळोख. ह्यांच्याबरोबर एक शिपाई होता आणि गावचा पोलीस पाटील. पाटील कडब्याच्या गंजीआड उभा राहिला. ह्यांनी दारासमोर उभं राहून हाका मारल्या, "कुऱ्हाड टाक आणि बाहेर ये. तुला कोणी हात लावणार नाही." आत एक बाई रडत होती. हे हाका मारतच राहिले. मग ते रडणं एकाएकी थांबलं.

"ते थांबलं ना," हे मला म्हणाले, "तेव्हा मी पिस्तूल काढलं. मला वाटलं, आत आणखी एक वार झाला."

तेवढ्यात तो बाहेर आला. दार बुटकं म्हणून वाकून निघाला, आणि अंगणात येताच सरळ होऊन धावला. उजवा हात वर होता. हातात काहीतरी चकाकलं. तो काहीतरी ओरडत होता. गंजीआडून पाटील किंचाळला, "कुऱ्हाड! कुऱ्हाड!" आणि ह्यांनी गोळी झाडली.

तो खाली बसला, मग आडवा झाला. त्याच्या हातातली वस्तू सारवलेल्या जमिनीवरून घरंगळत ह्यांच्या बुटापाशी येऊन थांबली. पितळेचा तांब्या होता. रिकामा.

आत त्याची म्हातारी आई पडली होती. उकाड्याने आणि भीतीने तिची शुद्ध हरपली होती. घरात पाणी नव्हतं, पाण्याचा रांजण अंगणाच्या कोपऱ्यात होता. कुऱ्हाड आत धान्याच्या कणगीला टेकवून ठेवलेली सापडली. हवालदाराचं रक्त तिच्यावर वाळलं होतं.

ह्यांनी आपला पटका काढून त्याच्या छातीला बांधला, रांजणातलं पाणी आधी म्हातारीच्या तोंडावर मारलं, मग त्याला गाडीत घालून नाशिकला आणलं. सरकारी दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तो वारला.

संध्याकाळी घरी आल्यावर हे परसात बूट न काढताच बसून राहिले. सांगून झाल्यावर मी विचारलं, "वाढू का?" म्हणाले, "वाढ." सकाळपासून पोटात काही नव्हतं. ते जेवले. वकिलांची बायको तेव्हा जिन्यात उभी होती. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर मला ऐकू आलं ते असं: "माणूस मारून आले आणि भरपेट जेवले म्हणे!" उपाशी झोपले असते तर मन खातंय म्हणून उपाशी झोपले, असं झालं असतं. हे मला पुढे पुढे चांगलं कळलं. त्या दिवशी नवीन होतं.

गावातल्या एका साप्ताहिकाने मोठ्या टायपात छापलं, "तांब्यावर गोळी!" खाली लिहिलं होतं की तांब्या आणि कुऱ्हाड यांतला भेद ज्यांना कळत नाही अशांच्या हाती सरकार पिस्तुलं देतं. लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं, पण शैलीवरून तो माणूस आयुष्यात कधी उन्हात अर्धा तास उभा राहिला नसावा. ते वाक्य लोकांना फार आवडलं. आठ दिवसांत ते प्रत्येकाचं स्वतःचं झालं.

नाशिकसारख्या गावात तांब्याला काय तोटा? गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जावं तर दर पायरीवर तांब्या. यात्रेकरूच्या हातात तांब्या, भटजीच्या पुढ्यात तांब्या, आंघोळ करणाऱ्याच्या डोक्यावर उपडा होणारा तांब्या. मी घाटावर दिसले की पोहणारे टगे तांबे वर उचलून ओरडत, "मारू नका हो, फौजदारीणबाई, पाणीच आहे!" आणि काठावर संध्या करणारे, भस्म लावलेले, वयाने पोक्त झालेले पुरुष खुदकन हसत आणि पुन्हा डोळे मिटून घेत. पोरांचं मला काही नाही. त्या मिटलेल्या डोळ्यांचा मला अजून संताप येतो.

मी घरातले सगळे पितळी तांबे उचलून माळ्यावर टाकले आणि मातीचं भांडं पाण्याला काढलं. हे जेवायला बसले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

"तांबे कुठे गेले?"

"चिंचेने घासायला काढलेत."

"सगळे?"

मी भात वाढायला घेतला.

"माळ्यावरून काढ ते खाली," हे म्हणाले. "तांब्याने काय केलंय? जे केलं ते मी केलं."

मी काढले. त्यानंतर आमच्याकडे त्या विषयावर बोलणं झालं नाही. बोलणं झालं ते माडीवर. तिथे महिनाभर दुसरा विषय नव्हता. मी भाकरी थापत असे आणि वर माझ्या नवऱ्याचा न्याय चाले. पेढीवाल्यांचं मत, फौजदाराने आधी हवेत बार काढायला हवा होता. मामलेदारांचं मत, पायावर नेम धरायला हवा होता. वकीलसाहेबांना दोन्ही पटत नसे. त्यांचं म्हणणं, मुळात फौजदाराने दारासमोर उभंच राहायला नको होतं, बाजूला उभं राहायचं, म्हणजे आरोपी बाहेर आला की तांब्या आहे हे आपोआप दिसलं असतं. ही युक्ती त्यांना घटनेनंतर तेराव्या-चौदाव्या दिवशी, लोडाला टेकून, तिसरं पान खाताना सुचली होती. एवढा वेळ मिळाला असता तर माझ्या नवऱ्यालाही सुचली असती.

एक दिवस ते मुद्दाम खाली आले. हे ठाण्यावर गेले होते. मी तांदूळ निवडत होते.

"वहिनी," ते म्हणाले, "गैरसमज करून घेऊ नका. मी फौजदारसाहेबांच्या बाजूचाच आहे. पण मनुष्याने विचार करायला हवा होता. एक क्षण."

"कोणता क्षण?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"तो दारातून निघाला तो, की सरळ उभा राहिला तो, की पाटील ओरडला तो? यांतला कोणता क्षण विचाराला ठेवायचा होता?"

ते हसले. बाईमाणूस काही बोललं की ते हसत, ही त्यांची पद्धत होती. "प्रश्न तत्त्वाचा आहे, वहिनी."

"तुम्ही कधी पिस्तूल हातात धरलंय?"

"त्याचा इथे संबंध नाही."

"आणि ज्याने सकाळी दोन माणसं तोडली त्याच्यासमोर कधी उभे राहिलाय?"

"त्याचाही नाही. उलट मी तिथे नव्हतो म्हणूनच मला निःपक्षपातीपणे बघता येतं."

मी सूप उचललं आणि आत गेले. ज्या माणसाला आपण तिथे नव्हतो ही आपली लायकी वाटते त्याला काय उत्तर द्यायचं?

जो मेला तो माणूस वाईट होता, असं मी कधी म्हटलेलं नाही. हेही म्हणत नसत. आपल्या आईला पाणी आणायला निघालेला मुलगा मेला होता. जे झालं ते भयंकरच होतं. पण हे भयंकर आहे असं म्हणून गप्प बसणारं माणूस मला सगळ्या गावात क्वचित भेटलं. बाकी सगळ्यांना त्यात आपली अक्कल दाखवायची होती.

चौकशी प्रांतसाहेबांकडे आली. प्रांत गोरे नव्हते, आपल्यातलेच होते, विलायतेत शिकून आलेले, रुमालाने बोटं पुसणारे. वैशाखात झालेल्या गोष्टीची जागा पाहायला ते मार्गशीर्षात गेले. सकाळची वेळ, कोवळं ऊन, हवेत गारवा. अंगणात त्यांच्यासाठी घडीच्या खुर्च्या मांडल्या, डब्यातून सँडविच आणली होती ती त्यांनी खाल्ली. मग त्यांनी आपल्या पट्टेवाल्याच्या हातात एक पितळी तांब्या दिला आणि त्याला त्या दारातून बाहेर यायला सांगितलं. ह्यांना होते तिथेच उभं केलं.

पट्टेवाला बिचारा शरमला. तो दारातून वाकून निघाला, पागोटं सावरलं, तांब्या देवाला नेतात तसा दोन्ही हातांनी धरून हळूहळू चालत आला.

"हात वर कर," प्रांतसाहेब म्हणाले.

त्याने वर केला.

"ओरड."

"काय ओरडू, साहेब?"

"काहीही."

तो हळूच म्हणाला, "ओ."

प्रांतसाहेब ह्यांच्याकडे वळले. "फौजदार, मला तर स्वच्छ तांब्या दिसतो. तुम्हाला काय दिसतं?"

"मलाही तांब्याच दिसतो, साहेब," हे म्हणाले.

त्यांनी ते लिहून घेतलं.

घरी येऊन हे मला ते सांगत होते तेव्हा त्यांना हसू आवरेना. त्या वर्षात मी त्यांना तेवढंच हसताना पाहिलं, आणि ते हसणं मला सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी हे बाहेर पडल्यावर मी आमच्या भांडीवालीला परसाच्या दारातून तांब्या उंच धरून पळत यायला सांगितलं. ती बिचारी आली, पळत, ओरडत, पदर खोचून, मला वेड लागलं असं समजून. मला तांब्याच दिसला. दिसणारच. मीच तो तिच्या हातात दिला होता.

पाटलाची साक्ष झाली. तो म्हणाला, मला पहिल्यापासून तांब्या दिसत होता, मयत "पानी, पानी" असं ओरडत होता तेही मला ऐकू आलं. "कुऱ्हाड" असं आपण ओरडलोच नाही. शिपायाला विचारलं तर त्याला काही नक्की आठवत नव्हतं. माझं डोकं फिरलं.

"तुम्ही बोलला का नाहीत?" मी ह्यांना म्हटलं. "तो तोंडावर खोटं बोलतोय! त्याच्या ओरडण्यानेच—"

"तो खोटं बोलत नाही," हे म्हणाले.

"म्हणजे?"

"त्या दिवशी त्याला कुऱ्हाड दिसली होती. आता त्याला तांब्या दिसतो. रोज सगळं गाव त्याच्याशी तांब्याच बोलतंय. शपथेवर विचारलं तर मलासुद्धा आता तांब्याच आठवतो. रात्री डोळे मिटले की तांब्याच घेऊन येतो तो."

ह्यांचं मन मोठं होतं. माझं नाही. तो पाटील पुढे बाजारात मला दिसला आणि लवून रामराम करायला लागला, तेव्हा मी त्याच्याकडे पाहून थुंकले. बायका थबकून बघायला लागल्या. बघू देत म्हटलं.

निकाल असा आला की गुन्हा ठरत नाही, परंतु फौजदाराने अविचाराने घाई केली. ह्यांची बदली हरसूलच्या चौकीवर झाली. जंगलातली जागा, शिक्षेची. मला त्या निकालाबद्दल एवढंच वाटलं: ज्या लाठ्या कचेरीत बसून, नकाशावर बोट ठेवून, आदल्या दिवशी ठरवून पोरांच्या पाठीत घातल्या, त्यांची कधी कोणी चौकशी केली नाही. त्या जागी खुर्च्या मांडून कोणा पट्टेवाल्याला कोणी पळायला लावलं नाही. त्यात विचार करायला भरपूर वेळ होता, म्हणून ते बरोबर. जिथे पापणी लवायचीही सवड नव्हती तिथे मात्र विचार का केला नाही, म्हणून शिक्षा. आणि वकीलसाहेबांनी, ज्यांनी त्या लाठ्यांच्या दिवसांत आपली खिडकी घट्ट लावून घेतली होती, त्यांनी निकाल वाचून सांगितलं, "न्याय झाला."

आम्ही सामान बांधत होतो तेव्हा ती आली. दुपारची वेळ होती. दारात एक म्हातारी उभी, नऊवारी लुगडं, कपाळ उघडं, हातात काठी. तिचा पुतण्या गाडी घेऊन कोपऱ्यावर थांबला होता.

"फौजदाराचं घर हेच का?"

"हेच. कोण आपण?"

"ज्याला मारला त्याची आय."

मी दारातून बाजूला झाले. हे आतून बाहेर आले. तिला ओळखलं त्यांनी. तिच्या तोंडावर त्यांनीच पाणी मारलं होतं. ती ओटीवर बसली. हे उभेच राहिले.

"भांडाया नाय आले मी," ती म्हणाली. "चौकशीत लय बोलले लोक. माझ्या लेकाचं असं झालं, तसं झालं. जो तो सांगतोय. तू तितं व्हता. तुला काय दिसलं, येवढंच इचाराया आले."

"चकाकलं," हे म्हणाले. "हात वर होता."

"त्याचं त्वांड?"

"तोंड दिसलं नाही."

"वरडला का?"

"ओरडला."

"काय वरडला?"

हे म्हणाले, "कळलं नाही मला, आई."

"आय म्हनू नको."

"बरं."

"पानी म्हनला आसंल," ती म्हणाली. "मला सुद नव्हती. मला बी नाय आयकू आलं."

तिचे ओठ कोरडे पडले होते. मी पाणी आणायला उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकले. पाण्याच्या पिंपावर तांब्या होता, दुसरी भांडी सगळी बांधून झाली होती. माझं पाऊल पुढे पडेना. म्हातारीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग त्या तांब्याकडे पाहिलं.

"आन," ती म्हणाली. "लांबून आले. तहान लागलीय."

मी तांब्या भरून दिला. तिने तो उंच धरून तोंडात धार सोडली. थेंबही सांडला नाही. मग तांब्या खाली ठेवला, काठी घेतली आणि उठली.

"तुझं बरं व्हावं असं माज्या तोंडातून निघायचं नाय," ती ह्यांना म्हणाली.

"खरं आहे," हे म्हणाले.

ती गेली. तिने हवेत बार काढायला हवा होता असं म्हटलं नाही, पायावर नेम धरायला हवा होता असंही म्हटलं नाही. त्या सगळ्या वर्षात माझ्या नवऱ्याला ज्याने त्याने उत्तरं सुनावली. विचारायला आली ती एकटी.

हरसूलला आम्ही दीड-दोन वर्षं काढली. डोंगर, पाऊस, हिवताप. आठवड्याचा बाजार भरे तेवढीच माणसांची वर्दळ. अशाच एका बाजारात एक माणूस दारू पिऊन मिठाच्या दुकानदाराशी भांडला आणि कमरेचा कोयता उपसून गर्दीत घुसला. हे आणि एक शिपाई समोर आले. तो उभा राहिला, हात पाठीमागे. हातात कोयता आहे की तो त्याने टाकला, दिसत नव्हतं. ह्यांचा हात पिस्तुलावर गेला. आणि ह्यांनी वाट पाहिली. जो एक क्षण विचार करायला हवा होता असं सगळं नाशिक सांगत होतं, तो क्षण ह्यांनी त्या दिवशी दिला.

कोयता हातातच होता. तो ह्यांच्यावर आला नाही, शेजारच्या शिपायावर आला. शिपायाने हात आडवा धरला. पोरगा वाचला, पण उजवा हात कामातून गेला. त्याचं लग्न ठरलं होतं ते मोडलं.

प्रांतसाहेब तेच होते. या वेळी त्यांनी शेरा मारला की फौजदाराने अक्षम्य दिरंगाई केली. "अविचाराने घाई" लिहिणारा तोच हात, तीच दौत. घाई आणि दिरंगाई यांच्यामध्ये नेमकी जी जागा होती ती कुठे असते हे प्रांतसाहेबांनी कधी कुणाला दाखवलं नाही. ती फक्त त्यांना ठाऊक होती, आणि तीही गोष्ट घडून गेल्यावर.

ह्यांनी आजारपण लावून पेन्शन घेतली. शिपायाच्या हाताचं त्यांना फार लागलं होतं, तांब्यापेक्षाही. "त्या वेळी मला दिसलं नव्हतं," ते म्हणत, "ह्या वेळी मी बघत होतो." एवढंच. मला एवढंच कळत होतं की दोन्ही वेळा हे तिथे होते आणि मी नव्हते.

आम्ही नाशकात परत आलो, पण पंचवटीत नाही, स्टेशनच्या रस्त्याला एक लहानशी जागा घेतली. मागे चार पेरूची झाडं होती, हे त्यांना पाणी घालीत. एका रविवारी वकीलसाहेब टांग्याने भेटायला आले. म्हातारे झाले होते, आवाज तसाच होता. मी चहा केला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"फौजदारसाहेब, आता नोकरी सुटली, आडपडदा राहिला नाही. मनापासून सांगा. त्या पहिल्या प्रकरणात तुमचं स्वतःचं मत काय?"

"माझं मत नाही," हे म्हणाले.

"असं कसं? मनुष्याला मत असतंच."

"तुम्हाला असतं."

"हरसूलला तर मला वाटतं," ते बशीत चहा ओतत म्हणाले, "तुम्ही उगाच थांबलात. मी बातमी कळली त्याच दिवशी माडीवर म्हटलं, पहिल्या वेळी घाबरून मारलं आणि दुसऱ्या वेळी घाबरून मारलं नाही. खरं तर सोपं होतं. एक पाऊल डावीकडे सरकायचं, म्हणजे त्याचा हात—"

हे खिडकीतून पेरूच्या झाडांकडे पाहत राहिले. वकीलसाहेब आपला डावा पाय खुर्चीखालून पुढे काढून कसं सरकायचं ते दाखवत होते.

मी पुढे होऊन त्यांच्या हातातली बशी घेतली, कप घेतला, मोरीत जाऊन चहा ओतला आणि कप विसळून पालथा घातला.

"वहिनी, माझा चहा व्हायचा होता अजून," ते म्हणाले.

"टांगेवाला खोळंबलाय," मी म्हटलं.